एक पान माझं

रामकृष्ण पिलारे गुरुजींचा शेवटचा साधा दिवस पोपटीच्या शेंगा सोलण्यात गेला. जानेवारीचं कोवळं ऊन वडशाच्या त्या दोन खोल्यांच्या घराच्या ओसरीवर आलं होतं. गुरुजी मांडीवर सूप घेऊन बसले होते. शेजारी त्यांची मुलगी यामिनी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. दोघांचीही नजर आपापल्या मांडीवर होती, आणि गुरुजींना त्याची गंमत वाटत होती.

"तुह्या सुपात का निघालं?" त्यांनी विचारलं.

यामिनी तीन दिवसांच्या रजेवर पुण्याहून आली होती. 'यामिनी' हे गुरुजींच्या पहिल्या नाटकातल्या नायिकेचं नाव. ते नाटक दोन प्रयोगांत पडलं, नाव मुलीला चिकटलं. गुरुजी कधीमधी म्हणत, पडलेल्या नाटकातून एवढं एक पात्र तरी उभं राहिलं.

दिवाळी ते होळी हा पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम. गावोगाव मंडप पडतात, वडशात नाटक मंडळांच्या कार्यालयांची रांग उघडते, आणि तीन-तीन हजार माणसं तट्ट्यांवर, पोत्यांवर, खुर्च्यांवर बसून नाटक पाहतात. पूर्वी हे सगळं रात्रभर चाले. वाघांमुळे रात्रीचे प्रयोग बंद होऊन आता चार वर्षं झाली होती. हिरव्या जाळीच्या मंडपाखाली दुपारी दोनला पडदा उघडायचा आणि दिवस मावळायच्या आत माणसं घरी पोचायची. बाकी रीत तीच राहिली. आज एक नाटक, उद्या दुसरं, मग नटांचं पाठांतर होणार कधी? म्हणून रंगमंचाच्या पुढ्यात कमरेएवढा खड्डा खणतात. त्यात ऑर्गनवाला, तबलजी आणि प्रॉम्प्टर बसतात. प्रॉम्प्टर वही उघडून प्रत्येक वाक्य नटाच्या अर्धा क्षण आधी खालच्या आवाजात बोलतो. त्याचं तोंड रंगमंचाकडे असतं आणि पाठ लोकांकडे.

गुरुजी शाळेत मास्तर होते, पण चौतीस हंगाम ते त्या खड्ड्यात बसले. एकतीस नाटकं लिहिली आणि एकाही नाटकाचा प्रेक्षक त्यांनी डोळ्यांनी पाहिला नाही. प्रॉम्प्टरने मागं वळून पाहू नये. वही आणि नटाचे ओठ सोडून नजर हलली की वाक्य हुकतं.

दोन वर्षांपूर्वी यामिनीने एक यंत्र केलं होतं, आणि त्याचं नावही तिनेच ठेवलं होतं. कानोसा. मंडपाच्या चार खांबांवर चार पांढऱ्या डब्या बसवायच्या. त्यांतून निघणाऱ्या रडार लहरी माणसांच्या अंगावर आपटून परत येतात. श्वास घेताना छाती दोन-चार मिलिमीटर पुढं येते, सोडताना मागं जाते, आणि तेवढी हालचाल त्या लहरींना कळते. माणसांचं मन गोष्टीत गुंतलं की त्यांचे श्वास हळूहळू एका तालावर यायला लागतात. हजारो माणसांचे श्वास किती जुळलेत यावरून कानोसा दर सेकंदाला एक आकडा काढत असे. त्याला सगळे 'ओढ' म्हणत. ओढ घसरली की यंत्र संहितेत बदल सुचवी, आणि नटाच्या कानातल्या बोंडात नवं वाक्य बोले. इथं हुंदका दे. इथं विनोदवीराला पाठव. इथं बासरी. एका हंगामात सगळ्या मंडळांनी ते घेतलं. प्रॉम्प्टर घरी बसले. गुरुजींच्या मंडळाचे मालक उद्धवभाऊ नाकाडे यांनी यंत्र घेतलं, पण गुरुजींच्या नाटकापुरता खड्डा तेवढा ठेवला.

त्या सकाळी यामिनीच्या सुपात निघाला होता तो 'बाराव्या वर्षीचा पाहुणा' या नाटकाचा अहवाल. गुरुजींचं नवं नाटक. पहिल्या दोन प्रयोगांत यंत्राला नुसतं ऐकायला लावलं होतं, बोलायला नाही.

"पहिला अंक चांगला आहे. भुऱ्याचा प्रवेश तर फारच," ती म्हणाली. "अडचण तिसऱ्या अंकात आहे. तुम्ही थांबता तिथे."

ती जागा तिला माहीत होती. गुरुजींच्या प्रत्येक नाटकात अशी एक जागा असे. नाटकात गाणी असत, लावणी असे, सासूची नक्कल करणारा भुऱ्यासारखा विनोदवीर असे, खलनायकाचा मारही असे. त्यांना त्याची लाज नव्हती. दहा मैल चालत येणाऱ्या माणसाला हसवल्याशिवाय परत पाठवणं हा त्यांच्या मते अधर्म होता. पण त्यांचा एक हिशेब होता आणि तो त्यांनी कधी मोडला नाही. तीन तास त्यायचे, एक पान माझं.

या नाटकातलं त्यांचं पान असं होतं. गिरजाचा मुलगा बारा वर्षांपूर्वी घर सोडून गेलेला. तो वाटसरू म्हणून परत येतो, ओळख देत नाही, जेवायला बसतो. भाताच्या कडेला बोटाने आळं करायची त्याची लहानपणची सवय गिरजाला दिसते. तिला कळतं. तो सांगत नाही, म्हणून तीही विचारत नाही. हातात पळी घेऊन ती नुसती उभी राहते. वहीत जांभळ्या शाईने लिहिलं होतं: 'गिरजा बोलत नाही. मी सांगेपर्यंत.' आणि खाली एकच वाक्य: 'भात वाढू?'

"त्या मिनिटाला चाळीस टक्के प्रेक्षक उठतात बाबा," यामिनीने लॅपटॉपचा पडदा त्यांच्याकडे वळवला. रेघ खोल दरीसारखी खाली गेली होती.

गुरुजींनी चष्मा वर केला. "अन् मंग हे? पुढच्या मिनिटाले तं सारे वापस दिसतात."

"येतात परत. तुम्ही थांबलात की कंटाळून उभे राहतात, गाणं सुरू झालं की बसतात."

"एवढ्या पटकन?" गुरुजींनी शेंगा सोलणं थांबवलं. "मले तं कोणी उठल्याचा आवाज नाई आला, बाई. चाळीस टक्के म्हंजे हजार-बाराशे मानूस. पोतं सरकते, खुर्ची वाजते. काहीच नाई आलं."

यामिनी थकली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची गाडी होती, आणि हे नाटक नीट चालावं, बाबांचं नाव व्हावं असं तिला मनापासून वाटत होतं. ती म्हणाली, "बाबा, तुमचे कान सत्तर वर्षांचे झालेत. माझं यंत्र दोन वर्षांचं आहे."

गुरुजी हसले. खरोखर हसले, आणि तेच तिला पुढं दोन महिने आठवत राहिलं. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, आतून वही आणली, खिशातली पेन्सिल काढली आणि त्या पानावर एक आडवी रेघ मारली. कायमची काटछाट ते लाल शाईने करत. ही रेघ पेन्सिलीची होती.

"लोकायले बसवत नसन तं माहा हट्ट कायले," ते म्हणाले. मग पुन्हा सूप मांडीवर घेऊन त्यांनी विचारलं, शेंगांत वांगं टाकायचं की नुसताच रस्सा?

दुसऱ्या दिवशी यामिनीची गाडी नागपूरच्या पुढे गेली असताना उद्धवभाऊंचा फोन आला. गुरुजी तालमीहून घरी आले, जरा पडतो म्हणाले, ते उठलेच नाहीत.

तेरवीपर्यंत यामिनी रडली नाही. लोक म्हणाले, शिकलेली पोर आहे, खंबीर आहे. ती खंबीर नव्हती, तिला नुसतं काही जाणवत नव्हतं. पुण्याला परत गेल्यावर तिने तेच केलं जे तिला येत होतं. ती कामाला बसली.

काम तिच्याच टेबलावर आलं होतं. ती जिथे काम करत होती त्या, कानोसा विकणाऱ्या कंपनीला पिलारे गुरुजींच्या एकतीस नाटकांवर यंत्राला शिकवायचं होतं, म्हणजे गुरुजींच्या धाटणीची नवी नाटकं हंगामागून हंगाम निघत राहिली असती. वारस म्हणून तिची सही हवी होती. सही करण्याआधी तिने 'पाहुणा'च्या पहिल्या प्रयोगाची मूळ नोंद उघडली. अहवालात प्रत्येक मिनिटाचा फक्त सर्वांत कमी आकडा जात असे, मूळ नोंदीत प्रत्येक सेकंद होता. ही नोंद ती पहिल्यांदाच पाहत होती. इतके दिवस तिला तशी गरज वाटली नव्हती.

चार वाजून एकेचाळीस मिनिटं नऊ सेकंद: उपस्थिती दोन हजार नऊशे चार. दहा सेकंदांनी: सतराशे. आणखी बारा सेकंदांनी: दोन हजार नऊशे चार.

जितके गेले तितकेच परत आले होते. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. मंडपाला बांबूचं एकच दार होतं, बैलगाडी जाईल एवढं. तिने त्याच सेकंदांचा आवाज लावला. पोतं सरकलं नव्हतं. खुर्ची वाजली नव्हती. खोकलासुद्धा नव्हता.

तिने ध्वनी बंद केला आणि यंत्राचे नियम उघडले.

कानोशाला माणूस दिसत नसे, श्वास दिसे. छाती हलली की तिथे माणूस आहे. दहा सेकंद छाती हलली नाही की ती जागा रिकामी, असा नियम तिने स्वतःच लिहिला होता, एका मंगळवारी, चहा पिता पिता, कारण दहा सेकंद श्वास न घेता कोण बसतं? गिरजा हातात पळी घेऊन उभी होती तेव्हा बाराशे माणसं बसली होती, श्वास रोखून. यंत्राने त्यांना घरी पाठवलं होतं. आणि तिने ते आपल्या बापाला सांगितलं होतं.

त्या दिवशी तिला राग आला आणि नंतर तो गेला नाही. आधी तिला वाटलं, तो यंत्रावर आहे. पण यंत्र खोटं बोललं नव्हतं, त्याला शिकवलं तेवढंच ते बोललं. तिने चूक कंपनीला लेखी कळवली. उत्तर आलं की निरीक्षण महत्त्वाचं आहे, पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती होईल, पण सध्याच्या 'पाहुणा'ची ओढ हंगामातली सर्वोच्च आहे, त्यामुळे त्याला हात लावायची गरज दिसत नाही.

हे खरं होतं. पान कापल्यावर मोकळ्या झालेल्या जागेत कानोशाने आपलं पान घातलं होतं. आता गिरजा पळी टाकून देत असे, "माझ्या लेकरा" म्हणून टाहो फोडत असे, बासरी सुरू होई आणि मंडप रडे. याच हंगामात इतर चार मंडळांच्या चार नाटकांत चार आया तिसऱ्या अंकात हातातलं काही ना काही टाकून असाच टाहो फोडत होत्या. लोक चारही ठिकाणी रडत होते.

यामिनीने सही केली नाही. ती वडशाला आली.

उद्धवभाऊंच्या कार्यालयात 'पाहुणा'चा नवा फलक लागला होता, त्यावर गुरुजींचा हार घातलेला फोटो. उद्धवभाऊ गुरुजींना भावासारखे. तिला त्यांनी अंगाखांद्यावर खेळवलं होतं. त्यांनी चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. गुरुवारी गुरुजींच्या गावी, पिंपळटोल्याला प्रयोग होता, त्यांच्या स्मरणार्थ. तिथे तरी ते पान परत घाला, एवढंच तिचं मागणं होतं.

"पोरी, मंडप रडून रायला," ते म्हणाले. "रडणाऱ्या मानसाले मी म्हणू का, थांब, आता चूप बस?"

"ते रडत नाहीत काका. त्यांना रडवलं जातं."

"फरक सांग मले. मी तं तिकिटं इकतो, मले दोन्ही सारखंच दिसते."

यामिनी म्हणाली की बाबांनी तुम्हाला तीन तास दिले होते, चौतीस वर्षं दिले होते. तुमच्या लावण्या लिहिल्या, तुमच्या भुऱ्याचे पाणचट विनोद लिहिले, आणि बदल्यात एक पान मागितलं. ते सुद्धा तुम्हाला ठेवता आलं नाही? तिचा आवाज चढला नव्हता. उलट इतका खाली गेला होता की कप न्यायला आलेली बाई दारातच थांबली.

उद्धवभाऊंनी कप खाली ठेवला. "म्या कापलं का ते पान?" त्यांनी शांतपणे विचारलं. "गुरुजी सोता वही घेऊन आले. म्हणे, यामिनीनं मोजलं, लोक उठतात. म्या म्हणलं, राहू द्या गुरुजी, एका पानानं का होते. नाई म्हणे. पोरीनं मोजलं म्हंजे मोजलं." मग त्यांनी तिच्याकडे पाहून एक शब्द जोडला. "मॅडम."

राग कुणावर आहे हे तिला पुण्यापासून ठाऊक होतं. नागपूर ते वडसा तिने तो उद्धवभाऊंच्या नावावर करायचा प्रयत्न केला होता, एवढंच.

शेवटी उद्धवभाऊ एवढ्यावर आले की गुरुवारी तिने खड्ड्यात बसावं. गुरुजींची वही घेऊन, त्यांच्या जागी, मान म्हणून. रंगपूजेच्या वेळी खड्ड्यात नारळ ठेवतात, तो तिनेच ठेवावा. पण बोलायचं नाही. बोलणार यंत्र.

गुरुवारी ती मंडपात लवकर पोचली. गिरजाचं काम करणाऱ्या कुंदाबाई निकुरे रंगपटात तोंडाला पावडर लावत होत्या. साठीच्या, जाडजूड, तोंडात तंबाखूचा खर्रा. यामिनीने त्यांना सगळं सांगितलं. रडारही सांगितलं, दहा सेकंदांचा नियमही सांगितला. कुंदाबाईंना रडार कळलं नाही, बाकीचं कळलं.

"मले ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "मी तं समोर पायतो ना. कोणीच नव्हतं उठलं. पहिल्या रांगेतली म्हातारी पदर तोंडात धरून बसली होती."

"मग तुम्ही बाबांना का नाही सांगितलं?"

"त्याईनं मले कुठी इचारलं? तुले इचारलं." कुंदाबाईंनी कानातलं बोंड तळहातावर घेऊन पाहिलं. "तीस वरस त्यायचा आवाज खालून आला. आता हे कानात बोलते. उष्टं खाल्ल्यावानी वाटते मले."

त्यांनी बोंड कानात घातलं आणि पुन्हा पावडर लावायला घेतली.

दोन वाजता पडदा उघडला. यामिनीने नारळ ठेवला, वही उघडली. समोर रंगमंचाच्या तक्त्यावर यंत्राचा छोटा पडदा लावलेला होता, त्यावर दोन आकडे: ओढ आणि उपस्थिती. तीन हजार एकशे सोळा. पाठीमागे तेवढी माणसं असल्याचं तिला त्या आकड्यापेक्षा मानेला जास्त जाणवत होतं. पहिला अंक पळाला. भुऱ्या आला, मंडप हसला, आणि बाबांनी हे पाणचट विनोद किती प्रेमाने लिहिलेत हे तिला पहिल्यांदाच दिसलं. हसून झाल्यावर माणूस सैल बसतो. ते त्यांना सैल करून ठेवत होते, त्या एका पानासाठी.

दुसऱ्या अंकानंतर तिने पिशवीतून खोडरबर काढलं आणि पेन्सिलीची रेघ खोडली. जांभळी शाई खालून जशीच्या तशी वर आली.

तिसरा अंक. वाटसरू पाटावर बसला. त्याने भाताच्या कडेला बोटाने आळं केलं. कुंदाबाई पळी घेऊन पुढं आल्या, थांबल्या, डाव्या हाताने कानातलं बोंड काढलं, पदराच्या गाठीत बांधलं आणि खाली खड्ड्यात पाहिलं.

यामिनीचं बोट वाक्यावर होतं. मी सांगेपर्यंत, असं वहीत लिहिलं होतं. किती वेळ, ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. चौतीस वर्षं ते कुणी विचारलं नव्हतं आणि आता सांगायला कुणी नव्हतं.

ऑर्गनवाला बासरीची कळ दाबायला विंगेकडे पाहत होता. विंगेत उद्धवभाऊंचा हात वर गेला होता. तक्त्यावरचा आकडा घसरायला लागला. अठ्ठावीसशे. एकोणीसशे. नऊशे. यंत्राच्या मते मंडप रिकामा होत होता. उद्धवभाऊंनीही तो आकडा पाहिला असावा, कारण ते विंगेतून दोन पावलं पुढं आले आणि त्यांनी लोकांकडे पाहिलं. ते पाहतच राहिले. त्यांचा हात हळूहळू खाली आला.

यामिनीला वळून पाहता आलं असतं. नुसती मान वळवायची होती. तिने वळवली नाही. तिने कान दिले. पोतं नाही, खुर्ची नाही. एकशे तीस. कुंदाबाई तिच्याकडे पाहत होत्या, पळीतून वाफ जात होती, आणि यामिनीच्या छातीत काहीतरी भरून आलं, दुखायला लागलं, आणि तेव्हा तिला कळलं की ती स्वतःच श्वास घेत नव्हती. एवढं साधं होतं ते. स्वतःला आणखी धरवेना की सांगायचं.

"भात वाढू?" ती खालच्या आवाजात म्हणाली.

"भात वाढू?" कुंदाबाई म्हणाल्या.

तिच्या मानेवर वारा आला. तीन हजार माणसांनी सोडलेला श्वास, उबदार, एकदम. वहीचं पान फडफडलं. तक्त्यावरचा आकडा तीन हजार एकशे सोळावर परत गेला. पाटावरच्या नटाने मान खाली घालून भात कालवायला सुरुवात केली.

पुढचं वाक्य त्याचं होतं आणि ते तिने सांगायला हवं होतं. पण तिचा हात पानावर सपाट पडला होता. राग तसाच होता, जराही कमी झाला नव्हता, आणि तो नेमका कुणाला सांगायचा होता हे तिला आता पक्कं माहीत होतं. प्रॉम्प्टरने मोठ्याने बोलू नये. ती मोठ्याने बोलली. ऑर्गनवाल्याने दचकून पाहिलं, वर कुंदाबाईंचा हात पळीवर थबकला, पण ती वहीकडे पाहूनच बोलली.

"बाबा, तुमचे कान बरोबर होते. चूक माझी होती. कोणीच उठलं नव्हतं."